दुसरी कार की ई-बाईक?

प्रश्न: आम्ही डेन्व्हरला राहतो, एकच कार आहे, ती हे ऑफिसला नेतात. मुलीला शाळेत सोडायला दुसरी कार घ्यावी का?

उत्तर: ताई, आधी ई-बाईक, म्हणजे बॅटरीच्या मोटरची सायकल, बघा. तुमच्या शहराने २०२२ मध्ये ई-बाईक खरेदीवर सवलतीचे व्हाउचर सुरू केले तेव्हा सगळ्यांना ४०० डॉलर, कमी उत्पन्नवाल्यांना १२०० आणि कार्गो बाईकला (सामान किंवा मूल नेता येईल अशी लांब ई-बाईक) वर ५०० मिळायचे, आणि पैसे दुकानातच बिलातून वजा, नंतर क्लेमच्या मागे धावायला नको, हे मला फार आवडलं. रक्कम नंतर बदलत गेलीये, व्हाउचर पटकन संपायचे, म्हणून सध्या मिळतात का ते बघा, मिळत असतील तर आधी अर्ज आणि मगच खरेदी. मुलगी आहे म्हणजे कार्गोच घ्या, मागच्या लांब कॅरियरवर दप्तरासकट मस्त बसते. बॅटरी काढायची, घरातल्या साध्या सॉकेटला लावायची. बर्फ पडला की मात्र कारनेच सोडा.