सुंठ, मिरी, ज्येष्ठमध, गुळवेल आणि हिरडा यांचं चूर्ण एकत्र करून रोज घेतलं तर चालेल का?

तुम्ही विचारलंय, 'सगळ्या वनस्पतीच आहेत, अपाय थोडाच होणार?' मलाही असंच वाटायचं. मग एकदा तोंड पोळलं, अगदी शब्दशः.

कोरडा खोकला होता. सुंठ-मिरीचा काढा दिवसातून दोनदा, आठ-दहा दिवस रेटून घेतला. खोकला जागच्या जागी, वर तोंड आलं, छातीत जळजळ. वैद्यांकडे गेलो तर खोकल्याचं त्यांनी सगळ्यात शेवटी विचारलं. आधी भूक कशी, पोट साफ होतं का, झोप किती. मग म्हणाले, "अहो, दोन्ही उष्ण. छातीत कफ भरलेला असता तर उपयोग होता. तुमचा घसा आधीच कोरडा, त्यात तुम्ही शेगडी पेटवलीत." काढा बंद केला आणि ज्येष्ठमधाचं चूर्ण तुपात कालवून चाटायला दिलं. चार दिवसांत घसा निवला.

म्हणून 'खोकल्यावर काय?' या प्रश्नाला आयुर्वेदात एकच उत्तर नसतं. वनस्पतीचा रस (चव), वीर्य (उष्ण की शीत) आणि विपाक (पचल्यानंतरचा परिणाम) असं तिन्ही बघतात. नुसत्या चवीवर गेलं तर फसायला होतं. आंबट पित्त वाढवतं, पण आवळा आंबट असून पित्त शमवतो, कारण तो शीत वीर्याचा आणि मधुर विपाकाचा. सुंठ आणि मिरी दोन्ही तिखट, दोन्ही उष्ण, तरी सुंठेचा विपाक मधुर आणि मिरीचा तिखट. मला हे कळलं तेव्हा जरा गंमतच वाटली.

हिरड्याचं तर अनुपानही (औषध ज्याच्याबरोबर घ्यायचं ते) ऋतूगणिक बदलतं: वर्षेत सैंधव, शरदात साखर, हेमंतात सुंठ, शिशिरात पिंपळी, वसंतात मध, ग्रीष्मात गूळ. वर्षभर एकाच डब्यातून चमचा भरून घेण्याची कल्पना यात कुठे बसते, तुम्हीच बघा.

काढ्याचंही माप आहे. शार्ङ्गधर या जुन्या आयुर्वेद ग्रंथकाराच्या हिशेबाने भरडीच्या सोळापट पाणी घालून आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवायचं. म्हणजे 10 ग्रॅम भरड, 160 मिली पाणी, उरलं पाहिजे 20 मिली. तुळशीसारख्या सुवासिक पानांना मात्र एवढं उकळू नका, वासाबरोबर गुणही उडतो. गरम पाण्यात घालून झाकून ठेवायचं, तो फांट.

आता तुमच्या यादीबद्दल. बीपीची गोळी चालू आहे असं तुम्ही लिहिलंय, तर ज्येष्ठमध आजच बाजूला काढा. त्यातल्या ग्लिसिरायझिन या घटकामुळे बीपी वाढतं, पोटॅशियम उतरतं; माझ्यासारखं थोडे दिवस चाटणं वेगळं, रोज घेणं वेगळं. गुळवेल घेणाऱ्या काहींच्या यकृताला इजा झाल्याचे अहवाल 2021 मध्ये छापून आले. आयुष मंत्रालयाने ते मान्य केले नाहीत, वेल नीट ओळखला होता का इथून वाद झाला. वाद राहू दे, पण यकृताचा त्रास असेल तर गुळवेल स्वतःच्या मनाने नको. बाकीच्या तिन्हींचं वैद्यांना विचारा, आणि गोळी देणाऱ्या डॉक्टरांपासूनही लपवू नका.

मिश्रण आधीच करून ठेवलं असेल तर सरळ टाकून द्या. चाळून त्यातलं ज्येष्ठमध काही वेगळं निघणार नाही.