नकाशावरचे दोन किलोमीटर

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला नकाशा पाहिला. शहराच्या मध्याला लागून असलेल्या उपनगरातलं घर, ऑफिसपासून दोन किलोमीटर, गल्ली शांत, पण भाडं जास्त आणि खोल्या लहान. लांबच्या वसाहतीत तेवढ्याच पैशांत एक खोली जास्त मिळते, मग काय करू, असं विचारतोस.

आधी त्या दोन किलोमीटरांचंच बघू. साधारण चालीने माणूस तासाला पाच किलोमीटर जातो, म्हणजे हे अंतर पंचवीस मिनिटांचं. पण तू ते सरळ रेषेत मोजलं आहेस, आणि आपण काही कावळे नाही. मधे रूळ, नदी किंवा हमरस्ता आला की गणित कोलमडतं. मी माझं पहिलं घर रविवारी दुपारी पाहिलं. सोमवारी कळलं की वाटेत एकच रेल्वे फाटक आहे आणि माझ्या निघायच्या वेळेला ते हमखास बंद असतं. वर्षभर मी तिथे उभ्या उभ्या वर्तमानपत्र वाचलं. तेव्हा कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेला, तो रस्ता एकदा पायी चालून बघ. दलाल सोबत नको.

आता भाडं. विल्यम अलोन्सो या अभ्यासकाने १९६४ मध्ये याची मांडणी केली: शहराच्या केंद्रापासून जितकं दूर, तितकी जागा स्वस्त, कारण प्रवासाचा भार राहणाऱ्यावर पडतो. म्हणजे लांबची ती जास्तीची खोली फुकट नाही, तिचं भाडं तू गाडीत बसून भरणार. जाण्यायेण्यात रोज ८० मिनिटं जास्त गेली, तर कामाच्या २२ दिवसांत २९ तासांहून जास्त होतात. एवढा वेळ तू त्या खोलीत तरी बसशील का, सांग.

चेझारे मार्केटी या इटालियन भौतिकशास्त्रज्ञाने १९९४ मध्ये असं मांडलं की माणूस दिवसाचा साधारण एक तास प्रवासाला देतो. वाहन वेगवान झालं की वेळ वाचवण्याऐवजी आणखी लांब राहायला जातो. मला हे पटतं. मीही तेच केलं होतं, आणि पस्तावून परत आलो.

जवळच्या उपनगराचेही जाच आहेतच. जगभर अशी बरीच उपनगरं ट्रामच्या आणि आगगाडीच्या आधाराने वाढली, घरोघरी मोटार येण्याच्या आधी. म्हणून तिथे चालायला छान वाटतं आणि गाडी लावायला जागा सापडत नाही. त्यात शहरात कामाला येणारे लोक आपल्या गाड्या तुझ्याच दारात लावून पुढे जातात. तुझ्याकडे गाडी असेल तर ती ठेवायची का, हा प्रश्न घरभाड्याच्या हिशेबातच धर. मी विकली. पहिला महिना हात बांधल्यासारखं वाटलं, नंतर आठवणही राहिली नाही.

एकदा रात्री दहानंतरही तिथे जाऊन ये. शेवटची बस किती वाजता आहे ते बघ, खिडकी उघडून पाच मिनिटं नुसता ऐकत उभा राहा. आणि छताला हात लावून बघ. शहराचा मध्य रात्री भोवतालच्या मोकळ्या भागापेक्षा उबदार राहतो, हे ल्यूक हॉवर्ड या हवामान अभ्यासकाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच लंडनमध्ये मोजून दाखवलं होतं. दिवसभर तापलेलं काँक्रीट रात्री उष्णता सोडतं, आणि तू पाहिलेलं घर नेमकं वरच्या मजल्यावर आहे. त्याच इमारतीत खालचं काही रिकामं आहे का, विचार.

विकत घ्यायची घाई नको. आधी वर्षभर भाड्याने राहा. अशा भागात भाडेकरू सारखे बदलतात, त्यामुळे शेजारी आपणहून ओळख काढतीलच असं नाही. पहिल्याच आठवड्यात तूच दोन दारं ठोठाव. आणि घर लहान आहे म्हणून कुढू नकोस. वाचनालय, बाग, मैदान चालत जाण्याजोगं असेल तर अर्धा दिवस तू बाहेरच असशील. नसेल, तर मात्र मी हे घर घेऊ नको असंच म्हणेन, ऑफिस कितीही जवळ असो.

वाटेत फाटक आहे का, तेवढं कळव.

तुझा,
जुना सहकारी