आजोबांच्या कॉन सॅक्सोफोनवर 1914 हे साल आहे. तो कोणत्या मॉडेलचा आणि किती जुना, हे कसे ओळखावे?

आपल्या प्रश्नातली माहिती अशी : बेलवर (वाद्याच्या पसरट तोंडावर) सी. जी. कॉन, एल्कहार्ट, इंडियाना ही अक्षरे आहेत, मागच्या बाजूला उजव्या अंगठ्याच्या हुकाजवळ 8 डिसेंबर 1914 ही तारीख व एक लांबलचक आकडा आहे, आणि पाहायला आलेल्या एका विक्रेत्याने हे वाद्य 'शंभराहून अधिक वर्षे जुना टेनर' असल्याचे सांगितले. यातले कॉन हे अमेरिकन कंपनीचे नाव तेवढे आपण तूर्त गृहीत धरू. बाकी दोन्ही गोष्टी तपासून घ्यायला हव्यात.

आधी तारखेचा प्रश्न. 8 डिसेंबर 1914 ही वाद्य तयार झाल्याची तारीख नाही, ती पेटंटची तारीख आहे, आणि तिच्याजवळचा 1119954 हा आकडा पेटंटचा क्रमांक आहे. नळीवर छिद्रांचे काठ वेगळे बनवून डाखाने चिकटवण्याऐवजी नळीचाच पत्रा ओढून ते उभे करण्याच्या पद्धतीचे हे पेटंट. कॉनने हा ठसा पुढे कितीतरी वर्षे आपल्या सॅक्सोफोनांवर मारला. त्यामुळे 1920 च्या दशकातल्या आणि त्यानंतरच्याही वाद्यांवर '1914' दिसते, आणि विकणाऱ्याला ते सोयीचेच असते. वयासाठी उपयोगी पडतो तो दुसरा आकडा, म्हणजे अनुक्रमांक. कॉनच्या सॅक्सोफोनवर त्याच्या आधी बहुधा 'एम' हे अक्षर असते. याच्याशीच एक सुटे अक्षरही असते : 'ए' म्हणजे आल्टो, 'टी' म्हणजे टेनर, 'सी' म्हणजे सी मेलडी; हे सॅक्सोफोनचे आकारानुसार प्रकार.

हे सुटे अक्षर आपण मुद्दाम पाहावे असे मी म्हणतो, कारण विक्रेत्याच्या 'टेनर' या शब्दावर माझा विश्वास नाही. 1920 च्या दशकात अमेरिकेत सी मेलडी सॅक्सोफोन घरोघरी खपला. पियानोसाठी छापलेली सुरावट स्वर न बदलता तशीच वाजवता येते, हे त्याचे आकर्षण होते. आकाराने तो आल्टोपेक्षा मोठा आणि टेनरपेक्षा लहान. शेजारी ठेवायला दुसरा सॅक्सोफोन नसेल तर कोणीही फसावे. अक्षर झिजलेले असेल तर घरच्या पेटीवर याचा निकाल लावता येतो. अष्टकाची चावी न दाबता फक्त डाव्या हाताचे मधले बोट दाबून फुंकल्यावर पेटीच्या पांढरी एकचा स्वर आला तर वाद्य सी मेलडी, काळी दोनचा आला तर आल्टो आणि काळी पाचचा आला तर टेनर. जे येईल ते या तिन्हींच्या मध्येच कुठेतरी लोंबकळत असेल, तर वाद्य 'हाय पिच' असण्याची शक्यता धरावी. त्या काळी काही बँड मध्य सप्तकातला 'ए' 457 कंपनांच्या आसपास लावत, आज तो 440 चा असतो; हा फरक अर्ध्या स्वराच्या सुमारे दोन-तृतीयांश आहे. माउथपीस (फुंकायचा भाग) पुढेमागे करून तो सगळ्या स्वरांवर सारखा भरून निघत नाही, त्यामुळे असे वाद्य आजच्या कोणत्याही वाद्यमेळात बसत नाही. कॉनवर अनुक्रमांकाजवळ 'एल' असेल तर पट्टी आजचीच. इतर काही कंपन्या 'लो पिच' असे पूर्ण शब्द कोरत.

आता मॉडेल. बेलवरचे कोरीवकाम सर्वांत आधी नजरेत भरते, पण पुरावा म्हणून ते सर्वांत कच्चे आहे, कारण पॉलिश करताना ते पुसट होते, नव्याने कोरताही येते, आणि एकाच मॉडेलवर वेगवेगळ्या वर्षी वेगळी नक्षी असते. छिद्रांचे काठ, बेलच्या चाव्यांची बाजू आणि नेकची (माउथपीस बसतो त्या वाकड्या नळीची) रचना या गोष्टी मात्र वाद्य मोडल्याशिवाय सहसा बदलत नाहीत. कॉनच्या बाबतीत काठ निर्णायक ठरतात. बेलवरच्या मोठ्या चावीचे झाकण उघडून छिद्राच्या काठावरून नख फिरवा. काठ बाहेरच्या बाजूला वळवलेला, गोलसर लागला तर त्याला वळवलेले काठ म्हणतात, आणि कॉनने आपल्या वरच्या दर्जाच्या सॅक्सोफोनांवर ते 1947 च्या सुमारापर्यंत ठेवले. काठ ताटाच्या कडेसारखा सरळ आणि धारदार लागला तर वाद्य त्यानंतरचे, किंवा कॉनच्याच 'पॅन अमेरिकन' या स्वस्त मालिकेतले, किंवा एखाद्या दुकानाच्या नावाने बनवून दिलेले असू शकते. त्या काळी एल्कहार्टचे कारखाने दुकानदारांसाठी त्यांच्या नावाची वाद्ये सर्रास बनवत, म्हणून अनोळखी नाव दिसले की वाद्य टाकाऊ समजू नये आणि मोठे नाव दिसले की हुरळूनही जाऊ नये.

काठ वळवलेले निघाले तर प्रश्न 'न्यू वंडर' की 'एम' मालिका एवढाच उरतो. न्यू वंडर हे 1920 च्या दशकातले मॉडेल. त्यातल्या उत्तरार्धातल्या वाद्यांना चू बेरी या टेनरवादकाचे नाव लोकांनी चिकटवले आहे. कंपनीने ते दिलेले नव्हते. त्यानंतर 1930 च्या दशकात आलेल्या 'एम' मालिकेत 6 एम हा आल्टो आणि 10 एम हा टेनर. त्यांच्या बेलवर पंचकोनी चौकटीत स्त्रीची आकृती असते, म्हणून वादक त्यांना 'नेकेड लेडी' म्हणतात. आल्टोच्या नेकवर माउथपीस बसतो तिथे फिरवता येणारे जाडसर कडे दिसले तर तो सूर किंचित चढवण्या-उतरवण्याचा मायक्रोट्यूनर. तो न्यू वंडर आल्टोवरही होता आणि 6 एमवरही आहे, त्यामुळे कॉनची खूण म्हणून तो उत्तम, मॉडेल ठरवायला मात्र अपुरा. 

इतर कंपन्यांच्या खुणा थोडक्यात सांगतो, कारण आजोबांच्या सॅक्सोफोनच्या खोक्यातला नेक दुसऱ्याच वाद्याचा निघणे ही आपल्याकडे नवलाची गोष्ट नाही. नेकवरची अष्टकाच्या चावीची पट्टी वरून न जाता खालून गेलेली असेल तर क्लीव्हलंडच्या एच. एन. व्हाइट कंपनीचे किंग झेफर किंवा सुपर 20 आठवावे, मात्र कॉनच्या 6 एमवरही ती खालूनच जाते. मार्टिनच्या वाद्यांची छिद्रे नळीवर वेगळी डाखलेली असतात आणि त्यांचा काठ उतरता घासलेला असतो. ब्युशरच्या जुन्या वाद्यांत पॅड (छिद्रे झाकणाऱ्या गाद्या) डिंकावर नव्हे तर बटणासारख्या चापावर बसतात; दुरुस्ती करणाऱ्याने ते चाप काढून टाकले असतील तर ही खूण नाहीशी होते.

सेल्मरबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण आपल्याकडच्या खरेदी-विक्रीत सर्वांत जास्त गोंधळ याच नावाचा होतो. पॅरिसचा सेल्मर आणि अमेरिकेतला सेल्मर ही नावे सारखी असली तरी सगळा माल एक नव्हे. अमेरिकन सेल्मरने 1963 मध्ये ब्युशर कंपनी विकत घेतली, आणि तिथे बनलेले 'बंडी' हे विद्यार्थ्यांसाठीचे सॅक्सोफोन सेल्मर या नावानेच बाजारात आले. ते टिकाऊ आहेत, शिकायला चांगले आहेत, पण त्यांना पॅरिसच्या सेल्मरच्या 'मार्क सहा' या नावाजलेल्या मॉडेलचा भाव सांगणे ही शुद्ध लबाडी आहे. दुसरीकडे पॅरिसच्या कारखान्यात बनलेले कितीतरी मार्क सहा अमेरिकेत जोडले गेले आणि त्यांच्यावरची फुलापानांची नक्षी तिथेच कोरली गेली, त्यामुळे अमेरिकन नक्षी दिसली म्हणून वाद्य नकली ठरत नाही.

पॅरिसच्या सेल्मरमध्ये 1936 च्या 'बॅलन्स्ड अॅक्शन'ने बेलच्या चाव्या उजव्या बाजूला नेल्या. त्याआधीच्या अमेरिकन वाद्यांत त्या डावीकडे किंवा दोन बाजूंना विभागलेल्या असत. आज तयार होणारा जवळजवळ प्रत्येक सॅक्सोफोन हीच उजवी बाजू पाळतो. 1940 च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या 'सुपर बॅलन्स्ड अॅक्शन'मध्ये वरच्या आणि खालच्या हाताची छिद्रे एका रेषेत न ठेवता थोडी वळवून घेतली. वाद्य समोर धरून नळीवरून सरळ नजर टाकली तर हा फरक लगेच कळतो. मार्क सहा 1954 मध्ये, 55,000 च्या जरा पुढच्या अनुक्रमांकापासून, सुरू होतो, आणि त्या सीमेवरच्या वाद्यांत दोन्ही मॉडेलांचे भाग मिसळलेले सापडतात. आल्टो आणि टेनरमध्ये 1970 च्या दशकाच्या मध्यावर मार्क सात आला. सोप्रानो आणि बॅरिटोन मार्क सहा म्हणूनच चालू राहिले, त्यामुळे कोणी 'मार्क सात सोप्रानो' दाखवला तर सौदा तिथेच थांबवावा. एक लाखाखालच्या अनुक्रमांकासाठी लोक जादा पैसे मोजतात, त्यामागे माझ्या मते कानापेक्षा हौस अधिक आहे.

आपल्या वाद्याचे नक्की सांगायचे तर मला चार छायाचित्रे लागतील : अंगठ्याच्या हुकाजवळचे सगळे आकडे व अक्षरे, बेलवरच्या एका छिद्राचा काठ अगदी जवळून, नेक बाजूने, आणि बेलच्या चाव्या कोणत्या बाजूला आहेत हे दाखवणारे पूर्ण वाद्य. आकडे दिसत नसतील तर विजेरी तिरपी धरून पाहावे, पण ते उठून दिसावेत म्हणून पितांबरी किंवा चिंच लावून घासू नये. 1920 च्या दशकात चांदीचा मुलामा आणि बेलच्या आत सोन्याचा हलका हात दिलेली वाद्ये पुष्कळ निघत. काळे पडलेले ते पितळ नसून चांदी असेल, तर मऊ सुती कापडापलीकडे त्याला काहीही लावण्याची गरज नाही.