हप्ता तोच ठेव, मुदत कमी कर

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. घरकर्जाचं पहिलं वर्ष पार पडलं, एकही हप्ता चुकला नाही आणि आता हाताशी थोडी जास्तीची रक्कम आहे. ती वेगळी साठवत राहायची आणि दहाव्या वर्षी सगळं कर्ज एकरकमी फेडून मोकळं व्हायचं, असा तुझा बेत आहे. कर्जातून लवकर सुटण्याची तुझी तळमळ मला मनापासून पटते. बेत मात्र बदल. दहा वर्षं थांबू नकोस. आज जे हातात आहे ते आजच मुद्दलात भर, रक्कम कितीही लहान वाटली तरी.

कारण आकड्यांतच आहे, म्हणून आधी आकडे. समज, कर्ज १०,००,००० चं आहे. चलन कुठलंही धर. व्याज वर्षाला ९ टक्के, मुदत २० वर्षं. महिन्याचा हप्ता साधारण ८,९९७ येतो. यातले पहिल्या महिन्यात ७,५०० व्याजात जातात आणि मुद्दल फिटतं फक्त १,४९७. वर्षभर हप्ते भरून मुद्दल जेमतेम १८,७०० नी उतरतं. पाच वर्षांनी तू जवळपास ५,४०,००० भरलेले असतात आणि तरी ८,८७,००० बाकी दिसतात. हप्त्यातला मुद्दलाचा भाग व्याजापेक्षा मोठा व्हायला बारा वर्षांहून अधिक काळ लागतो. निम्मं कर्ज फिटतं ते चौदाव्या वर्षी.

यात बँकेची काही लबाडी नाही. व्याज शिल्लक मुद्दलावर लागतं, सुरुवातीला शिल्लक मोठी असते, म्हणून व्याजही मोठं. पण याच कारणामुळे तुझा दहाव्या वर्षाचा बेत महागात पडतो. दहा वर्षं पुरी होतील तेव्हा तू ७,९०,००० च्या आसपास व्याज देऊन बसलेली असशील. वीस वर्षांचं एकूण व्याज साधारण ११,५९,००० असतं. म्हणजे दोन तृतीयांशाहून जास्त व्याज तोवर गेलेलंच असेल. एकरकमी फेडून तू उरलेला लहान भाग वाचवशील. मोठा भाग वाचवायची वेळ आत्ताची आहे.

आता हेच उलट बाजूने बघ. पहिल्या वर्षाच्या शेवटी, म्हणजे तू आज जिथे आहेस तिथे, १,००,००० जास्तीचे मुद्दलात भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर शेवटचे सुमारे ५० हप्ते गळून पडतात. भरलेले १,००,००० वजा करूनही ३,५४,००० च्या आसपास व्याज वाचतं. तेच १,००,००० पंधराव्या वर्षाच्या शेवटी भरले तर १६ हप्ते कमी होतात आणि ४८,००० च्या जवळपास वाचतात. पैसा तोच, कर्जही तेच, फरक फक्त वर्षांचा. ७२ ला व्याजदराने भागलं की रक्कम साधारण किती वर्षांत दुप्पट होते ते कळतं. १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या एका गणितग्रंथातही हा आडाखा आहे. ९ टक्क्यांना आठ वर्षांत दुप्पट, सोळा वर्षांत चौपट. तू आज न फेडलेलं मुद्दल याच वेगाने तुझ्या अंगावर चढत असतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथे बरेच जण नकळत फसतात. जास्तीची रक्कम भरायला गेलीस की दोन वाटा असतात: मुदत तीच ठेवून हप्ता कमी करायचा, किंवा हप्ता तोच ठेवून मुदत कमी करायची. हप्ता कमी झाला की लगेच हलकं वाटतं, म्हणून लोक तिकडे वळतात. वरच्याच उदाहरणात हप्ता कमी करून घेतला तर तो ८,०८० वर येतो आणि उरलेल्या १९ वर्षांत फक्त १,०९,००० च्या आसपास व्याज वाचतं. मुदत कमी केली तर ३,५४,०००. म्हणून अर्जावर स्पष्ट लिहून दे: ही रक्कम मुद्दलात जमा करावी, हप्ता कायम ठेवून मुदत कमी करावी. तोंडी सांगून निघून येऊ नकोस. पुढच्या महिन्याचं स्टेटमेंट उघडून शिल्लक मुद्दल आणि उरलेले हप्ते दोन्ही तपास. कधीकधी रक्कम पुढच्या हप्त्यांचा आगाऊ भरणा म्हणून पडून राहते आणि व्याज पूर्वीइतकंच चालू राहतं.

हप्ता कमी करून घेण्यालाही जागा आहे. उत्पन्न कमी-जास्त होत असेल, घरात नवा खर्च येणार असेल, तर लहान हप्ता श्वास घ्यायला जागा देतो. त्यातून वाचलेले पैसे दर महिन्याला पुन्हा मुद्दलात भरत गेलीस तर फायदा मुदत कमी करण्याइतकाच मिळतो. प्रत्यक्षात ते पैसे कुठेतरी खर्च होऊन जातात, हे मी फार घरांत पाहिलं आहे. म्हणून तुझ्यासाठी माझा कौल मुदतीलाच.

दरवर्षी मोठी रक्कम हाती येईलच असं नाही, आणि त्याची गरजही नाही. वर्षाला बाराऐवजी तेरा हप्त्यांइतके पैसे जावेत एवढं जमलं, म्हणजे हप्त्याचा बारावा भाग दर महिन्याला जास्तीचा भरला, तरी वीस वर्षांचं कर्ज १६ वर्षं ४ महिन्यांच्या सुमाराला संपतं. पगार वाढेल तसा हप्ता दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढवत नेलास तर हेच कर्ज बारा वर्षांच्या आसपास फिटतं. मला स्वतःला ही दुसरी रीत सगळ्यात चांगली वाटते. पगारवाढ अंगवळणी पडायच्या आत तिचा एक तुकडा कर्जाकडे गेला की त्याची उणीव भासत नाही. शेवटच्या वर्षांत हा हप्ता जड होतो, हेही खरं. तेव्हा झेपेल तिथवर वाढव आणि मग थांबव.

तुझं कर्ज फ्लोटिंग, म्हणजे वेळोवेळी बदलणाऱ्या दराचं आहे, म्हणून आणखी एक सवय लावून घे. दर वाढला की बँका बहुधा हप्ता तोच ठेवतात आणि मुदत लांबवतात. हप्ता बदलला नाही म्हणून कर्जदाराला पत्ताच लागत नाही. वरच्या कर्जात सुरुवातीलाच दर ९ चा १० झाला आणि हप्ता तसाच राहिला, तर २४० हप्त्यांचे ३१४ होतात. एका टक्क्यापायी सहा वर्षांहून जास्त! दर बदलल्याची सूचना आली की किती हप्ते उरले ते विचारायचं, आणि वाढले असतील तर हप्ता वाढवून किंवा थोडं मुद्दल भरून मुदत जागेवर आणायची. दर उतरला तर हप्ता कमी करून घेऊ नकोस.

मात्र हे सगळं करताना स्वतःला कोरडं करू नकोस. मुद्दलात भरलेला पैसा सहसा परत मागता येत नाही. आणि चौथाई कर्ज वेळेआधी फेडलं तरी पुढच्या महिन्याचा हप्ता भरावाच लागतो. नोकरी गेली तर बँक तुझी जुनी तत्परता पाहून सहा महिने गप्प बसणार नाही. म्हणून हप्ता धरून किमान सहा महिन्यांचा घरखर्च भागेल एवढी गंगाजळी आधी उभी कर, आणि तिला हात न लावता वर उरेल ते कर्जात भर. कर्जाला जोडलेलं खातं तुझी बँक देते का, तेही विचार. त्यात ठेवलेल्या रकमेपुरतं व्याज लागत नाही आणि अडचणीला पैसे काढताही येतात. अशा कर्जाचा दर बहुधा थोडा चढा असतो, तेवढा हिशेब करून घे. क्रेडिट कार्डाची थकबाकी किंवा वैयक्तिक कर्ज असेल तर आधी ते संपव, त्यांचं व्याज घरकर्जापेक्षा बरंच जास्त असतं. कमावतं माणूस गेलं तर घरावर कर्ज राहू नये इतका आयुर्विमा आहे ना, तेही बघ.

तुझे सहकारी म्हणतात की कर्ज फेडण्यापेक्षा तेच पैसे गुंतवावेत. त्यांचं म्हणणं चूक नाही, अर्धवट आहे. ९ टक्क्यांचं मुद्दल फेडणं म्हणजे ९ टक्के खात्रीचा परतावा, आणि त्यावर करही नाही. तेवढीच खात्री देणारी आणि कर वजा जाता त्याहून जास्त देणारी गुंतवणूक सापडली तर खुशाल तिकडे जा. शेअर बाजारात दीर्घ काळात जास्त मिळू शकतं, पण मिळेलच असं कुणी लिहून देत नाही, आणि हप्ता मात्र दर महिन्याला ठरल्या तारखेला जातो. कर्ज अगदी स्वस्त, स्थिर दराचं असेल आणि साध्या ठेवीवरही त्याहून जास्त व्याज मिळत असेल तर घाई करण्यात अर्थ नाही. तुझं तसं नाही. करसवलत असेल तर ती हिशेबात घे: २० टक्के कर वाचत असेल तर ९ टक्क्यांचं कर्ज तुला ७.२ टक्क्यांना पडतं. पण केवळ सवलतीसाठी कर्ज चालू ठेवणं म्हणजे २० वाचवायला १०० देणं. निवृत्तीसाठीची बचत मात्र पूर्ण थांबवू नकोस, तिलाही सुरुवातीचीच वर्षं लागतात.

भरण्याआधी करारपत्र काढून मुदतपूर्व परतफेडीचं कलम वाच. स्थिर दराच्या कर्जावर अनेकदा दंड असतो, कारण बँकेने तो पैसा ठरलेल्या दराने अडकवलेला असतो. फ्लोटिंगवर बहुधा तो नसतो किंवा कमी असतो. वर्षाला किती वेळा, किमान किती भरता येतं, तेही तिथेच असतं. दुसरी बँक कमी दर देऊ करत असेल तर कर्ज हलवायला हरकत नाही, फक्त उरलेली मुदत तीच ठेव. पुन्हा नव्याने वीस वर्षं सुरू केलीस तर कमी दराचा फायदा लांबलेली वर्षं खाऊन टाकतात.

शेवटच्या दोन-तीन वर्षांत पोचशील तेव्हा जिवाचा आटापिटा करायची गरज नाही, तोवर व्याज फार उरलेलं नसतं. पण ज्या दिवशी कर्ज फिटेल त्या दिवशी काम संपलं असं समजू नकोस. काही देणं उरलेलं नाही असं बँकेचं ना-देय प्रमाणपत्र घे. घराची मूळ कागदपत्रं, कर्ज घेताना दिलेल्या यादीशी ताडून, एकेक करून परत घे. मालमत्तेच्या नोंदीवरचा बोजा उतरवून घे आणि क्रेडिट अहवालात खातं बंद दिसतंय याची खात्री कर. यातलं एखादं राहून गेलं तर पुढे घर विकताना महिने जातात.

आता या आठवड्यात एवढं कर. कर्जाचं ताजं स्टेटमेंट काढ, गंगाजळीपुरते पैसे वेगळे ठेव, आणि उरलेल्या रकमेचा अर्ज मुदत कमी करण्यासाठी देऊन ये. स्टेटमेंटची प्रत मलाही पाठव, म्हणजे किती हप्ते गळतात ते तुझ्याच आकड्यांवर मांडून कळवीन.

तुझी,
ताई