ऑफिसच्या सॉफ्टवेअरमधलं पॉप-अप नोटिफिकेशन कुठल्या कोपऱ्यात आणि किती सेकंद दाखवावं, म्हणजे लोक वैतागणार नाहीत?

कोपरा आणि सेकंद नंतर. आधी हे बघा, तुमचं पॉप-अप उघडलं की कर्सर कुठे जातो?

मी जळगावात वजनकाट्याचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत होतो. दिवाळी झालेली, कापसाचा हंगाम ऐन भरात, धरणगावकडच्या एका जिनिंगवर, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, ट्रॅक्टरांची रांग गेटबाहेर गेलेली. भरल्या ट्रॉलीचं एक वजन, कापूस खाली करून आली की दुसरं. फरक निघेल तो शेतकऱ्याचा माल. काट्यावरचा ऑपरेटर स्क्रीनकडे बघत नाही. नजर खिडकीबाहेर ट्रॉलीच्या नंबरावर, बोटं की-बोर्डवर. नंबर, एंटर, नाव, एंटर.

एखादी गाडी दोन तासांत परत काट्यावर आली नाही, की आमचं सॉफ्टवेअर स्क्रीनच्या मधोमध विचारायचं: 'अपूर्ण नोंद रद्द करायची का?' हो, नाही. विंडोजच्या मेसेज बॉक्समध्ये तुम्ही मुद्दाम बदललं नाही तर पहिलं बटण आधीच निवडलेलं असतं. म्हणजे 'हो'. त्या दिवशी हा बॉक्स दुसऱ्याच गाडीचं नाव टाईप होत असताना आला आणि त्यावर एंटर बसला. ज्या ट्रॉलीचं भरलेलं वजन उडालं, तिचा कापूस तोवर ढिगात मिसळला होता. पहिल्या वजनाची चिठ्ठी आम्ही छापत नव्हतो. शेतकरी तासभर काट्याच्या खिडकीशी उभा होता. शेवटी त्याच ट्रॉलीच्या मागच्या खेपेवरून अंदाजाने आकडा धरला. मालकाने सगळ्यांदेखत ऑपरेटरला झापलं. तो मला फोनवर एवढंच म्हणाला, "भाऊ, मी दाबं नही, ते मधमाच उनं." म्हणजे, मी दाबलं नाही, ते मध्येच आलं.

खरं बोलत होता तो. कोड माझा होता.

आमच्या सरांचं म्हणणं, 'वाचून दाबायला काय झालं? युजरचं लक्ष वेधलं गेलंच पाहिजे.' मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. माणूस टाईप करत असताना त्याच्या बोटाखाली दुसरं बटण सरकवायचं आणि चूक त्याच्या नावावर टाकायची, याला लक्ष वेधणं म्हणत नाहीत. वेबसाइटवाल्यांनीही हाच हट्ट धरला होता. आल्या आल्या 'नोटिफिकेशन पाठवू का?' असं विचारणं इतकं वाढलं, की जानेवारी २०२० मध्ये फायरफॉक्सने ७२ व्या आवृत्तीत तो बॉक्स आपोआप उघडणंच बंद केलं.

आता तुमचं. कोपरा स्वतः शोधू नका, सिस्टीमचं नोटिफिकेशन वापरा. ते विंडोजवर उजवीकडे खाली येतं, मॅकवर उजवीकडे वर, आणि टाईप करणाऱ्याचा कर्सर हिसकावत नाही. विंडोजवर ते मुळात ५ सेकंद राहतं. ज्याला वाचायला वेळ लागतो तो सेटिंगमधून ५ मिनिटांपर्यंत वाढवू शकतो. म्हणून सेकंद तुम्ही ठरवू नका. 'डू नॉट डिस्टर्ब'ही आपोआप पाळलं जातं. स्वतःचाच बॉक्स काढायचा हट्ट असेल, तर विंडोज फॉर्म्समध्ये (विंडोजचे प्रोग्राम बनवायचं मायक्रोसॉफ्टचं साधन) 'शो विदाउट ॲक्टिव्हेशन' आहे, ते 'ट्रू' ठेवा, म्हणजे बॉक्स कर्सर न हिसकावता उघडतो. आणि काही पुसणारा, रद्द करणारा प्रश्न नोटिफिकेशनमध्ये विचारूच नका.

काही वेळा काम थांबवावंच लागतं, हेही खरं. काट्याच्या इंडिकेटरची वायर निघाली, वजनच येत नाही, तिथे कोपऱ्यात हळूच सांगून चालत नाही. मधोमध या, अडवा. फक्त तेव्हाही एंटरवर काही घडू देऊ नका.

त्या जिनिंगवर मी पुढच्याच आठवड्यात तो बॉक्स काढून टाकला, सरांना न विचारता. अपूर्ण गाड्या आता बाजूच्या पट्टीत पिवळ्या दिसतात, ऑपरेटर रांग ओसरली की बघतो. पहिल्या वजनाची चिठ्ठीही छापून शेतकऱ्याच्या हातात जाते.