थेग्यो म्हणजे गर्भसंस्कारच का?

प्रश्न असा आलाय की कोरियन सिरीयलमध्ये गरोदर बाई शांत संगीत लावून बसली की घरातलं कुणीतरी म्हणतं ती 'थेग्यो' करतेय, खाली सबटायटलला प्रीनेटल एज्युकेशन असं येतं, मग मराठीत सरळ गर्भसंस्कार म्हणायचं का, आणि देवनागरीत टेग्यो लिहायचं की तेग्यो?

उच्चाराचं आधी सांगते. रोमन लिपीत टी दिसतो म्हणून आपण ट किंवा त लिहितो, पण कोरियनमधलं ते अक्षर महाप्राण आहे, म्हणजे जोर देऊन हवा सोडून म्हणायचं, त्यामुळे आपल्याकडचा थ त्याला जास्त जवळचा. मी थेग्यो लिहिते. मूळ शब्द चिनी अक्षरांतून आलेला, थे म्हणजे गर्भ आणि ग्यो म्हणजे शिकवण, शिक्षणाला ग्योयुक म्हणतात त्यातला ग्यो हाच. चीनमध्ये ताईज्याओ आणि जपानमध्ये ताइक्यो ही याच दोन अक्षरांची रूपं. तायक्वांदोमधला 'ताय' कोरियन लिपीत अगदी असाच लिहितात पण तो वेगळा, त्याचा संबंध लाथ मारण्याशी, तेव्हा दोन्ही एक समजू नका. गर्भाच्या थे पासून मात्र बरेच शब्द निघतात, थेआ म्हणजे पोटातलं बाळ, थेदोंग म्हणजे त्याची हालचाल, थेमोंग म्हणजे गर्भारपणाची चाहूल देणारं स्वप्न, थेम्योंग म्हणजे जन्माआधीचं लाडाचं नाव.

आता अर्थ. गर्भ अधिक शिकवण, म्हणून गर्भशिक्षण, असा तुकडे जोडून अर्थ लावला की गडबड होते, कारण त्यात विद्यार्थी पोटातलं बाळ आहे असं वाटतं, आणि जुन्या कोरियन विचारात शिकायचं असतं ते घरातल्या मोठ्यांनी. हे मला फार महत्त्वाचं वाटतं म्हणून जरा सविस्तर लिहिते.

या विषयावरचं कोरियातलं सगळ्यात नावाजलेलं पुस्तक म्हणजे 'थेग्यो शिन्गी', १८०० साली लिहिलेलं, आणि लिहिणारी एक बाई, यी साजुदांग (१७३९ ते १८२१). कोरियात जोसॉन घराण्याच्या राजवटीत बाईने अभिजात चिनी भाषेत ग्रंथ लिहायचा ही किती मोठी गोष्ट आहे ते बघा. जुने ग्रंथ वाचून आणि स्वतःच्या मुलांच्या वेळचा अनुभव धरून तिने लिहिलं, पुढच्या वर्षी तिचा मुलगा यु ही याने त्याची प्रकरणं पाडली, टिपा लिहिल्या आणि कोरियन लिपीत अर्थ दिला, हा यु ही पुढे या कोरियन लिपीवर, म्हणजे हांगुलवर, लिहिणारा मोठा अभ्यासक झाला. त्या पुस्तकातलं एक वाक्य कोरियात खूप सांगितलं जातं, की गुरूची दहा वर्षांची शिकवण आईच्या दहा महिन्यांच्या बरोबरीची नाही, आणि आईचे दहा महिने बापाच्या त्या एका दिवसाच्या बरोबरीचे नाहीत. (दहा महिनेच, आपण नऊ महिने नऊ दिवस म्हणतो, कोरियन लोक दहा महिने म्हणतात.) म्हणजे सुरुवात बापापासून! मूल राहतं त्या वेळी बापाचं मन आणि वागणं कसं होतं इथून साजुदांग हिशोब धरते.

आणि घरच्यांनाही ती सोडत नाही. सांगते की हे एकट्या आईचं काम नाही, सगळ्या घराने सांभाळायचं, तिला राग येईल असं काही कानावर घालू नका, भीती वाटेल असं सांगू नका, काळजी लागेल असं बोलू नका, अचानक दचकवू नका. कारण पण देते, आई आणि गर्भ रक्ताने जोडलेले आहेत, तिचा आनंद आणि राग मुलाचा स्वभाव होतो, तिचं खाणंपिणं मुलाचं अंग होतं. आपल्याकडे गर्भसंस्कार म्हटलं की पहिला अभिमन्यू आठवतो, पोटातून थेट ऐकणारा, तर इथे बाळाच्या कानापेक्षा आईचं मन मधे आहे. हा फरक बारीक आहे पण सबटायटल करणाऱ्याने लक्षात ठेवावा असा आहे.

साजुदांगच्या कितीतरी आधीपासून कल्पना होतीच. चीनच्या जुन्या ग्रंथांत चौ घराण्याच्या राजा वनची आई थाइरन हिची गोष्ट आहे, गरोदरपणी ती वाईट बघायची नाही, वाईट ऐकायची नाही, उद्धट बोलायची नाही. कोरियात तिला 'थेइम' म्हणतात, त्यातला 'इम' घेऊन शिन साइमदांग (१५०४ ते १५५१) या चित्रकार बाईंनी आपल्या नावातच तिला गुरू केलं, साइमदांगचा अर्थच इमला गुरू मानणारी. त्यांचा मुलगा म्हणजे तत्त्वज्ञ युलगोक, तो पोटात असताना त्यांना काळा ड्रॅगन स्वप्नात दिसला म्हणतात, गांगनुंग शहरातल्या ओजुखॉन या घरात ती खोली अजून दाखवतात, नावच ड्रॅगनच्या स्वप्नाची खोली. आई आणि मुलगा दोघंही आज कोरियन नोटांवर आहेत, ती ५०,००० वॉनच्या आणि तो ५,००० वॉनच्या. थेमोंग हे असं, आणि ते आईलाच पडायला हवं असंही नाही, नवऱ्याला, आजीला, मैत्रिणीला कुणालाही पडू शकतं. ड्रॅगन किंवा वाघ दिसला की मुलगा, फूल दिसलं की मुलगी, असे ढोबळ अंदाज बांधतात.

लोकांमधल्या पथ्याच्या समजुती वेगळ्याच, बदक खाल्लं तर बाळाची बोटं जोडलेली येतील, सशाचं मटण खाल्लं तर ओठ फाटलेला येईल, कोंबडी खाल्ली तर कातडी खरखरीत. शास्त्रीय आधार शून्य, पण समजुतीमागे दिसण्यावरून तर्क आहे आणि ग्रहणात काही चिरू नको सांगणाऱ्या आपल्या आज्यांना तो लगेच कळेल.

आत्ताच्या कोरियात शब्दाचा पसारा खूप वाढलाय, संगीत थेग्यो, गोष्टी वाचायचं थेग्यो, शिवणकाम थेग्यो, गणितं सोडवायचं पण थेग्यो, आणि बाळ यायच्या आधी नवरा बायको फिरायला जातात ती थेग्यो-सहल. थेम्योंग ठेवताना बरेच जण जोरदार अक्षराचं नाव निवडतात, उदाहरणार्थ थुनथुनी म्हणजे धडधाकट, कारण असा आवाज बाळाला नीट ऐकू जातो असं मानतात, बाबाने पोटाशी बोलायचं हे पण आलंच.

पण एक गोष्ट मला खरंच खटकते. बापाला आणि घराला जबाबदार धरणारी शिकवण व्यवहारात सगळी बाईच्याच गळ्यात पडली. जानेवारी २०२१ मध्ये सोल शहराच्या सरकारी वेबसाइटवर गरोदर बायकांसाठी सल्ले सापडले, बाळंतपणाला जायच्या आधी नवऱ्यासाठी जेवणाची तयारी करून ठेवा, त्याचे कपडे काढून ठेवा, वजन वाढू नये म्हणून लग्नाआधीचा ड्रेस समोर टांगा, लोक प्रचंड चिडले आणि ते काढावं लागलं. साजुदांगचं पुस्तक उघडून पाहिलं असतं तर यादी नवऱ्याच्या नावाने निघाली असती.

तर उत्तर. गर्भसंस्कार चालेल, कारण मराठीत संस्कार म्हणजे नुसते पुंसवन, सीमंतोन्नयन असे विधी नाहीत, 'घरचे संस्कार' म्हणतो तेव्हा माणसांच्या वागण्यातून जे लागतं ते आपल्याला अभिप्रेत असतं, आणि थेग्यो त्याच्या जवळ आहे. गर्भशिक्षण नको. ऐतिहासिक सिरीयल असेल तर थेग्यो हाच शब्द ठेवा, पहिल्यांदा आला की गर्भसंस्कार असा खुलासा करा, नाहीतर ऐकणाऱ्याच्या डोळ्यासमोर मंत्र आणि होम येतील आणि ते तिथे नाहीत. सासू म्हणते 'थेग्यो कर' तिथे मात्र 'मन प्रसन्न ठेव गं' एवढंच लिहिलं तरी बरोबर बसतं, आणि थेम्योंगला पोटातलं नाव म्हणा, लगेच समजतं.