रायटिंग आणि स्पीकिंगलाच का अडतं? इंग्रजीच्या परीक्षेबद्दल वाचकांचे प्रश्न

बाहेरदेशी शिकायला नाहीतर नोकरीला जायचं म्हणून आयईएलटीएस, ओईटी (ही नर्स-डॉक्टर अशा आरोग्य क्षेत्रातल्यांसाठीची) असल्या इंग्रजीच्या परीक्षा देणाऱ्यांची पत्रं या महिन्यात भरपूर आली. लातूर, परभणी, अंबाजोगाई, जालना, हिंगोली, सगळीकडून, आणि बहुतेकांचं दुखणं एकच आहे की ऐकणं-वाचणं निघतं पण लिहायला-बोलायला बसलं की बँड, म्हणजे मार्क, खाली. म्हणून यावेळी सगळी जागा याच विषयाला दिलीय.

प्रश्न : मॅडम नमस्कार. मी इंजिनिअरिंग केलंय, मास्टर्ससाठी यूकेला जायचंय. लिसनिंग ७, रीडिंग ६.५, स्पीकिंग ६ पण रायटिंग ५.५ आलं. ओव्हरऑल ६.५ आहे तरी युनिव्हर्सिटी म्हणते प्रत्येकात कमीत कमी ६ पाहिजे. क्लासमधले सगळे निबंध पाठ केलेत, तरी असं का व्हायलंय? सोबत माझा एक निबंध पाठवतोय. (एक वाचक, लातूर)

उत्तर : दादा, तुमच्या चार मार्कांची सरासरी ६.२५ येते, आयईएलटीएसमध्ये ती वर ६.५ ला धरतात म्हणून ओव्हरऑल बरं दिसतंय, पण युनिव्हर्सिटी वेगवेगळं बघणार म्हणल्यावर त्याचा उपयोग नाही. आणि कारण तुमच्याच पत्रात आहे, निबंध पाठ केलेत.

रायटिंगला चार गोष्टी सारख्या वजनानं तपासतात. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं का, मुद्दे एकमेकाला धरून आहेत का, शब्द किती आणि नेमके आहेत का, आणि व्याकरण. पाठ केलेला निबंध पहिल्याच गोष्टीला मार खातो, कारण तो दुसऱ्याच प्रश्नाचा असतो. शिवाय तपासणारे लोक रोज हेच वाचतात, पाठ केलेलं त्यांना लगेच कळतं.

तुमचा निबंध मी दोनदा वाचला. प्रश्न असा होता की शहरातली गर्दी वाढत चाललीय, तर सरकारनं लोकांना खेड्यात राहायला प्रोत्साहन द्यावं, हे तुम्हाला कितपत पटतं. आणि तुमची सुरुवात काय, तर 'इन धिस मॉडर्न इरा ऑफ सायन्स अँड टेक्नॉलॉजी, इट इज अ हॉटली डिबेटेड टॉपिक'. हे वाक्य मोबाईलवरच्या निबंधालाही चालतं, प्रदूषणावरच्याही, प्राण्यांवरच्याही, म्हणजे ते कशाचंच नाही. तुमचं मत सापडायला मला शेवटच्या पॅराग्राफपर्यंत जावं लागलं, आणि तिथंही दोन्ही बाजू बरोबर आहेत असं लिहून मोकळं झालात.

त्याऐवजी साधं लिहा ना, 'आय डोन्ट थिंक पीपल विल स्टे इन व्हिलेजेस अनलेस दे कॅन फाइंड वर्क देअर'. झालं, मत पहिल्या दोन ओळीत आलं. आता पुढच्या पॅराग्राफात कारण आणि उदाहरण द्या, आणि उदाहरणासाठी न्यूयॉर्क-लंडनला जायची काही गरज नाही. आपल्या बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या आसपास कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात नि कर्नाटकात जातात, कारखाने बंद झाले की परत येतात, पोरांची शाळा मधेच तुटते. घर आहे, गाव आहे, पण हिवाळ्यात हाताला काम नाही म्हणून जातात. हे चार-पाच वाक्यात इंग्रजीत लिहिलं तर तुमचा मुद्दा सिद्ध होतो, आणि ते तुम्ही स्वतः बघितलेलं असल्यामुळं लिहिताना अडखळायला होत नाही. अवघड शब्द कुठून आणायचे ही काळजी सोडा, साधा शब्द नेमक्या जागी बसला तर त्याला मार्क आहेत, जड शब्द चुकीच्या जागी बसला तर जातात.

व्याकरणात तुमच्या तीन चुका सारख्या सारख्या येतात, आणि त्या आपल्या मराठी वाक्यातून येतात म्हणून डोळ्याला दिसत नाहीत. आपण 'जरी… तरी' म्हणतो म्हणून तुम्ही 'ऑल्दो'नं वाक्य सुरू करून मधे परत 'बट' टाकता, इंग्रजीत दोन्हीतलं एकच येतं. 'वन ऑफ माय फ्रेंड' लिहिलंय तिथं 'फ्रेंड्स' पाहिजे. आणि 'अ', 'अ‍ॅन', 'द' तर अर्ध्या ठिकाणी गायबच आहेत. निबंध लिहून झाला की शेवटची चार-पाच मिनिटं फक्त या तीन गोष्टी शोधायला ठेवा, बाकी काही तपासू नका.

वेळेचं सांगते. एकूण ६० मिनिटं, टास्क वनला कमीत कमी १५० शब्द, टास्क टूला, म्हणजे निबंधाला, २५०, आणि टास्क टूचं वजन टास्क वनच्या दुप्पट. म्हणून टास्क टूला ४० मिनिटं राहिलीच पाहिजेत, माझं मत विचाराल तर तोच आधी लिहा. कॉम्प्युटरवर परीक्षा असेल तर शब्द किती झाले ते स्क्रीनवर दिसतं. प्रश्नातली वाक्यं जशीच्या तशी उतरवली तर ते शब्द मोजत नाहीत, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

टास्क वनला, अ‍ॅकॅडमिक नावाच्या प्रकारात, ग्राफ, टेबल, नकाशा असलं येतं. तिथं प्रत्येक आकडा लिहीत बसू नका, मोठं चित्र काय आहे ते दोन वाक्यात सांगा आणि मग त्याला लागतील तेवढेच आकडे घ्या. प्रॅक्टिसला एक सुचवते, पावसाळ्यात पेपरमध्ये जायकवाडी, मांजरा, येलदरी अशा धरणांच्या पाणीसाठ्याचे तक्ते येतात, टक्केवारी, मागच्या वर्षीची, यंदाची. तो तक्ता घ्या नि २० मिनिटात इंग्रजीत वर्णन करा. सगळ्यात जास्त कुठं भरलं, कुठं उलटं घटलं, कुठं काहीच फरक नाही. पुस्तकातले ग्राफ संपतात, हे रोज नवीन मिळतात.

आणि हो, फक्त रायटिंग परत द्यायची सोय आहे, वन स्किल रिटेक म्हणतात, मूळ परीक्षा कॉम्प्युटरवर दिलेली पाहिजे आणि ६० दिवसाच्या आत द्यावी लागते. पण ती तुमच्या युनिव्हर्सिटीला आणि व्हिसाला, दोन्हीकडं चालते का ते आधी मेल करून विचारा, मगच पैसे भरा.

प्रश्न : मी मराठी मिडीयमची. ग्रॅमर येतं, वाचलेलं सगळं कळतं पण बोलायला लागलं की डोकं ब्लँक होतं. घरात, गल्लीत कुणीच इंग्रजी बोलणारं नाही. क्यू कार्डवर दोन मिनिटं मी काय बोलू? (एक विद्यार्थिनी, अंबाजोगाई)

उत्तर : बाळा, तुझं पत्र मी बाजूला काढून ठेवलं होतं कारण याचं उत्तर नीट द्यायचं होतं. समोर बोलायला माणूस नाही ही अडचण खरी आहे पण तिच्यामुळं थांबायची गरज नाही.

आधी परीक्षा कशी असते ते बघ. पूर्ण स्पीकिंग ११ ते १४ मिनिटांची. पहिल्या भागात घर, शिक्षण, आवडीनिवडी असे साधे प्रश्न. दुसऱ्यात कार्ड मिळतं, तयारीला एक मिनिट आणि कागद-पेन्सिल, मग एक ते दोन मिनिटं तूच बोलायचं. तिसऱ्यात त्याच विषयावर जरा खोल चर्चा. प्रश्न ऐकू आला नाही तर परत विचारायला सांगता येतं, त्यात कमीपणा काही नाही.

आता कार्डचं. समज आलं की 'गर्दी असलेल्या एका जागेबद्दल सांगा'. क्लासचे पोरं मुंबईचं रेल्वे स्टेशन सांगतात, न बघितलेलं, पाठ करून. तू माळेगावच्या यात्रेला गेली असशील, नसशील तर तुमच्या आठवडी बाजाराला तर नक्कीच गेलीस. एका मिनिटात पूर्ण वाक्य लिहायला जाऊ नको, वेळ पुरत नाही. पाच-सहा शब्द लिही, हॉर्सेस, डस्ट, ग्रँडफादर, क्लॉथ, फिंगर्स, नॉइज. बस. आता त्यातला 'क्लॉथ' घे. जनावरांच्या बाजारात व्यापारी नि शेतकरी उपरण्याखाली हात घालून बोटांनी भाव ठरवतात ना, तेच सांग. 'दे कव्हर देअर हँड्स विथ अ क्लॉथ, सो नोबडी कॅन सी. देन दे टच इच अदर्स फिंगर्स टू शो द प्राइस. इफ वन मॅन डझन्ट अग्री, ही पुल्स हिज हँड आउट.' एकही अवघड शब्द नाही यात, पण ऐकणाऱ्याला पुढं काय झालं ते ऐकावंसं वाटतं, आणि एवढ्यावरच तुझे पंधरा-वीस सेकंद भरले. सौदा, दलाल याला इंग्रजीत काय म्हणतात ते आठवलं नाही तरी काय होतं ते सांगता येतंय ना, मग झालं. शब्द अडला की असं वळसा घालून सांगणं ही परीक्षेत चांगली गोष्ट धरतात.

रोजची प्रॅक्टिस अशी कर. मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू कर, एक विषय घे, तयारी न करता दोन मिनिटं बोल. मग ऐक. पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकायला नको वाटतं, तरी ऐक, आणि जिथं जिथं अडलीस ते वहीत लिही, शब्द नव्हता का, वाक्य कसं बांधायचं कळलं नाही का, का मुद्दाच नव्हता. तेवढंच शोधून काढ आणि तोच विषय परत बोल, लगेच. उद्या पुन्हा तोच, मगच नवा विषय. रोज नवा विषय घेतला की रोज तेच अडतं, एकच विषय तीनदा बोलला की तिसऱ्यांदा तोंडात बसतो, याच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे.

एखादी मैत्रीण तयारी करत असेल तर रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर एकमेकींना व्हॉइस नोट पाठवा, टाइप करायचं नाही असं ठरवून. तिसऱ्या भागासाठी तर हे लई उपयोगी पडतं, कारण तिथं 'का' विचारतात. पाण्याचा प्रश्न आला तर २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं हे सांग, मग शहरात असं का झालं, पाणी कशात गेलं, ऊस लावावा का नाही, यावर तुझं मत सांग. मत बरोबर का चूक याला मार्क नसतात, ते तुला समजावून सांगता येतं का हे बघतात.

प्रश्न : मी स्टाफ नर्स आहे, यूकेला जायचंय. आयईएलटीएस द्यावी का ओईटी? ड्युटी करून अभ्यासाला वेळ कमी मिळतो. (एक सिस्टर, परभणी)

उत्तर : सिस्टर, यूकेच्या नर्सिंग कौन्सिलला, म्हणजे एनएमसीला, दोन्ही चालतात. आयईएलटीएस अ‍ॅकॅडमिकला रायटिंग ६.५ आणि बाकी तिन्हीत ७ लागतात, ओईटीला रायटिंगला सी प्लस ग्रेड आणि बाकीला बी. फॉर्म भरायच्या आधी त्यांच्या साइटवर एकदा ताजं बघून घ्या.

तुमच्यासारख्या वॉर्डात काम करणाऱ्या बाईला मी ओईटी सांगेन. फी जास्त आहे हे खरं, पण तिथं ग्राफ नाही, शहर-खेडं निबंध नाही. रायटिंगला ४५ मिनिटं, त्यातली पहिली पाच फक्त केस नोट्स, म्हणजे पेशंटची दिलेली माहिती, वाचायला, आणि लिहायचं एक पत्र, साधारण १८० ते २०० शब्दांचं, डिस्चार्जचं नाहीतर रेफरलचं. इथं सगळे एकच चूक करतात, नोट्समधलं सगळंच पत्रात कोंबतात. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या आजींना घरी पाठवताय आणि पत्र गावातल्या नर्सला आहे, तर तिला ड्रेसिंग कधी बदलायचं, रक्त पातळ करायची गोळी कोणती, पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे, एवढं लागतं. तीस वर्षांपूर्वीचं अपेंडिक्स तिच्या काय कामाचं? रोज ड्युटी हँडओव्हर देताना तुम्ही हेच निवडता, तेच कागदावर करा.

स्पीकिंगला दोन रोल-प्ले, प्रत्येकी साधारण पाच मिनिटं, आधी तीन मिनिटं तयारीला. समोरचा माणूस पेशंट किंवा नातेवाईक बनतो. तिथं इंग्रजीबरोबर तुम्ही पेशंटशी कसं वागता तेही तपासतात. चिडलेला नातेवाईक असेल तर लगेच माहिती सांगायला सुरुवात करू नका, आधी त्याचं ऐकून घ्या, काळजी वाटणं साहजिक आहे म्हणा, त्याला आधीच काय माहितीय ते विचारा, मग थोडं थोडं सांगा आणि कळलं का ते मधे मधे विचारा. अवघड मेडिकल शब्द पेशंटसमोर टाकू नका. ड्युटीवर मराठीत पेशंटला जे समजावलं ते घरी जाताना बसमध्ये मनातल्या मनात इंग्रजीत म्हणून बघा, वेगळा वेळ काढायची गरज पडणार नाही.

प्रश्न : ब्रिटिश अ‍ॅक्सेंट शिकावा लागेल का? (जालना)

उत्तर : नाही. आपला उच्चार आपला राहिला तरी मार्क जात नाहीत, समोरच्याला सहज कळलं पाहिजे एवढंच. मेहनत घ्यायचीच तर 'शिप' आणि 'शीप' असला ऱ्हस्व-दीर्घ फरक, आणि शब्दात जोर कुठं पडतो यावर घ्या. 'फोटोग्राफ'ला जोर सुरुवातीला आहे आणि 'फोटोग्राफर'ला दुसऱ्या तुकड्यावर. नकली अ‍ॅक्सेंट काढायला गेलं की वेग वाढतो आणि शब्द खाल्ले जातात.

प्रश्न : मुलीला संभाजीनगरला क्लास लावायचा म्हणतोय, फी बरीच आहे, शेतीवर घर चालतं. लावावा का? (एक पालक, हिंगोली)

उत्तर : भाऊ, पैसे भरायच्या आधी क्लासवाल्यांना एकच विचारा, आठवड्याला मुलीचे किती निबंध कोण तपासणार आणि चूक कुठं झाली ते लिहून देणार का. नुसत्या नोट्स आणि टेम्प्लेट देत असतील तर भरू नका, परीक्षा घेणाऱ्या संस्थांच्या साइटवर नमुना प्रश्न आणि मार्क कसे देतात ते फुकट आहे. दुसरा रस्ता असा की तालुक्याच्या कॉलेजातल्या इंग्रजीच्या सरांना किंवा मॅडमना भेटा, आठवड्याला दोन निबंध तपासून द्याल का विचारा, मानधन द्या. त्यांना मुलीचे दोन जुने निबंध आणि टास्क टूच्या मार्कांचा तक्ता प्रिंट काढून न्या, म्हणजे कशावर बोट ठेवायचं ते त्यांनाही कळेल. आणि स्कोअर दोनच वर्षं चालतो, त्यामुळं अ‍ॅडमिशन कोणत्या वर्षी घ्यायचं ते ठरल्याशिवाय परीक्षेची तारीख घेऊ नका.